आपल्या गावाचा नकाशा कोणी लपवला?

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातला पहिला धडा क्षेत्रभेटीचा आहे. क्षेत्रभेट म्हणजे वर्गाबाहेर पडायचे, टेकडी चढायची, ओढ्याकाठी उभे राहायचे, वाटेत भेटेल त्या शेतकऱ्याला, कोळ्याला, दुकानदाराला चार प्रश्न विचारायचे. या धड्यावरचा हमखास प्रश्न असा: क्षेत्रभेटीसाठी तुम्ही कोणकोणते साहित्य सोबत घ्याल? उत्तर मुलांना तोंडपाठ असते. नोंदवही, पेन्सिल, मोजपट्टी, होकायंत्र, नकाशा, कॅमेरा, पाण्याची बाटली, प्रथमोपचाराची पेटी. क्षेत्रभेटीच्या वेळी कचऱ्याचे व्यवस्थापन कसे कराल, याचेही उत्तर पाठ. ज्या भेटीला ती निघालीच नाहीत, तिथला कचरा ती उत्तरपत्रिकेत गोळा करतात आणि गुण घेऊन घरी येतात. मुलांना लबाड म्हणायची सोय नाही. होकायंत्र हातात न धरता त्याचे नाव लिहायला आपणच त्यांना शिकवले.

२३ मार्च २०२० रोजी दहावीचा भूगोलाचा पेपर व्हायचा होता. करोनामुळे तो आधी पुढे गेला, मग रद्दच झाला आणि सरासरीने गुण दिले गेले. त्या परिस्थितीत दुसरा इलाज नव्हता, मंडळाला बोल लावण्यात अर्थ नाही. पण ती बातमी आली तेव्हा घराघरांत काय बोलले गेले ते आठवा. ‘बरे झाले, एक पेपर सुटला!’ गणिताचा पेपर असा गेला असता तर पालकांनी आकाशपाताळ एक केले असते. भूगोल गेला तर आपण पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले.

राज्यशास्त्राची कथा याहून केविलवाणी. त्याला स्वतःचा पेपरही नाही. इतिहासाच्या शेपटाला बांधलेले पाच धडे: संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आणि लोकशाहीसमोरील आव्हाने. हे पाच धडे नीट शिकवायचे तर वर्ष पुरणार नाही. आपल्याकडे ते जानेवारीत, सराव परीक्षेच्या तोंडावर, दोन तासांत ‘उरकतात’. भूगोलाचा तास गणिताचा पोर्शन पुरा करायला उसना जातो आणि परत येत नाही. विषय कोणी शिकवायचा? ज्यांचे वेळापत्रक भरत नाही त्यांनी. एखादे शिक्षक जीव ओतून शिकवतात, स्वतःच्या पैशाने नकाशे आणतात, आणि शिक्षकखोलीत त्यांची थट्टा होते.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या मुलांना प्राथमिक शाळेत काय शिकवावे, याची यादी त्यात आहे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, त्यांबरोबर सामान्य इतिहास, सामान्य भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे. भूगोलाला त्यांनी वगळले नाही. ज्याची जमीन सावकाराच्या आणि कुलकर्ण्याच्या कागदात अडकली आहे, त्याच्या मुलाला जमीन वाचता आली पाहिजे, हे त्यांना कळत होते. त्यांच्या पुतळ्याला हार घालताना आपण हा कागद मात्र बाजूला ठेवतो.

यावर ठरलेले उत्तर येते: साधने नाहीत हो, काय करणार? हे उत्तर खोटे आहे. आमदार निधीतून आलेला स्मार्ट बोर्ड भिंतीवर आहे. त्यावर पृथ्वी गरगर फिरते आणि इंग्रजी ढंगाच्या मराठीत कोणीतरी बोलते. मुख्याध्यापकांच्या कपाटावर कापडी पाठीचे, काठीला गुंडाळलेले नकाशे आहेत. त्यातला महाराष्ट्राचा उलगडून पाहा. घडीच्या जागी कापड विरलेले, आणि ठाणे जिल्हा अजून अखंड. पालघर वेगळा झाला २०१४ साली, पण नकाशाला कोणी कळवले नाही. जिल्ह्यांची नावे बदलायची की नाहीत यावर आपण रस्त्यावर उतरलो, बस अडवल्या, एकमेकांची डोकी फोडायला निघालो. त्याच जिल्ह्यातून कोणती नदी वाहते आणि तिचे पाणी कोण उचलते, हे नाव पाहिजे म्हणणाऱ्याला सांगता येत नाही आणि नको म्हणणाऱ्यालाही नाही.

खरी साधने फुकट आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची. एके काळी त्यांचे स्थलनिर्देशक नकाशे मिळवणे म्हणजे अर्ज, शिक्के आणि हेलपाटे. २०१७ मध्ये विभागाने १:५०,००० प्रमाणाचे नकाशे संकेतस्थळावर विनामूल्य खुले केले. त्यात जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर होतो. तुमच्या गावची विहीर, देऊळ, पायवाट, ओढा, सगळे त्यावर आहे. इस्रोचे ‘भुवन’ २००९ पासून आहे. गटांचा गावनकाशा ऑनलाइन दिसतो, सातबारा दिसतो. मतदारयाद्या जाहीर होतात, ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प ग्रामसभेपुढे यावा लागतो. भूगोल आणि राज्यशास्त्र शिकवायला याहून काय हवे? एक प्रिंटर हवा आणि विचारायची हिंमत हवी. प्रिंटर बहुतेक शाळांत आहे.

समोच्चरेषा जवळजवळ आल्या की उतार तीव्र, लांब गेल्या की मंद. हे वाक्य मुले पाठ करतात. आता हेच वाक्य घेऊन वर्गात तीन नावे लिहा. माळीण, ३० जुलै २०१४. तळीये, २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ ची रात्र. तिन्ही ठिकाणी डोंगर घरांवर आला. त्या माणसांना नकाशा वाचता आला असता तर ती वाचली असती, असे म्हणणे हा निर्दयपणा होईल. गरीब माणूस राहतो तिथे निवडीने राहत नाही. पण डोंगर फोडून रस्ता काढणारा, उतारावर प्लॉट पाडणारा, त्याला परवानगी देणारा, हे सगळे दहावी पास होते. समोच्चरेषांच्या प्रश्नाला त्यांनी पूर्ण गुण मिळवले असतील.

नदीकाठच्या शहरांत आणखी एक धडा पडून आहे. पाटबंधारे खाते पूररेषा आखते: २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. कोल्हापूर-सांगलीने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पाणी कुठवर येते ते पाहिले. त्या शहरांतल्या किती शाळांच्या भिंतीवर या दोन रेषांचा नकाशा लागला? लावला तर दुसऱ्या दिवशी एखादी मुलगी विचारील, ‘बाई, आमचे मंगल कार्यालय निळ्या रेषेच्या आत कसे?’ आणि ते मंगल कार्यालय बहुधा शाळेच्याच एखाद्या विश्वस्ताचे निघेल.

इथेच सगळे पाणी मुरते. साधनांची टंचाई नाही; मुलांनी त्यांचा उपयोग करावा असे आपल्याला वाटत नाही.

पुस्तकात मानवी वस्तीचे प्रकार आहेत: केंद्रित, विखुरलेली, रेषाकृती. ब्राझीलच्या किनाऱ्यावर लोक दाटीने का राहतात, याची कारणे आमच्या मुलांना पाठ आहेत, आणि ती कळायलाच हवीत. आता त्यांना सांगा, रविवारी आपल्या गावाचा नकाशा काढून आणा. घरे दाखवा, नळ दाखवा, नळाला पाणी किती वाजता येते ते लिहा, गटार कुठून कुठे वाहते ते बाणाने दाखवा, स्मशाने दाखवा. एकच असेल तर एक, दोन असतील तर दोन, तीन असतील तर तीन.

सोमवारी तीस-चाळीस नकाशे टेबलावर येतील. चित्रकला सुमार असेल, प्रमाण चुकलेले असेल, पण एक गोष्ट कोणी चुकणार नाही. गटाराचा बाण कोणत्या वस्तीकडे जातो, ती वस्ती गावाच्या खालच्या अंगाला का आहे, तिथला नळ शेवटचा का, तिथवरचा डांबरी रस्ता अलीकडेच का संपतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाट्या बदलणे चांगलेच; पण या नकाशांवर पाटी नसली तरी जात वाचता येईल. म्हणून हा नकाशा काढायला आपण मुलांना सांगत नाही. भारताचा कोरा आराखडा देतो आणि कांडला बंदर दाखवायला सांगतो. कांडला बंदराने कोणाचे पोट दुखत नाही.

महाडचे चवदार तळे आमच्या मुलांना इतिहासात भेटते, तारखेपुरते. तो खरे तर भूगोल आणि राज्यशास्त्राचा एकत्र धडा आहे. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद पूर्ण झाला. पाण्याला मात्र अस्पृश्याचा हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांच्या मागे हजारो माणसे तळ्याकडे चालत गेली तेव्हा, आणि त्यांनी त्यासाठी मार खाल्ला. ठराव आणि घोटभर पाणी यांच्यामधली ती वर्षे कशात गेली, हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलाला विचारा. मग त्याला लोकशाहीसमोरील आव्हाने वेगळी पाठ करावी लागणार नाहीत.

‘शाळेत राजकारण नको’, हे आपले लाडके वाक्य. ते कोण म्हणते पाहा. संस्थेचे अध्यक्ष म्हणतात, ज्यांच्या फोटोखाली शिक्षणमहर्षी असे लिहिलेले असते आणि ज्यांचे चिरंजीव पुढच्या निवडणुकीला उभे राहणार असतात. साहेबांच्या स्वागताला मुलींना लेझीम घेऊन दोन तास उन्हात उभे केले जाते, तेव्हा ते राजकारण नसते. त्याच साहेबांना नववीतल्या मुलाने ‘आमच्या रस्त्याचे काय झाले?’ असे विचारले, की झाले राजकारण. पालकही कमी नाहीत. वर्गात एका पक्षाचे नाव निघाले की रात्री गटावर संदेश फिरतो, सकाळी मुख्याध्यापकांना फोन येतो. मग शिक्षक शहाणे होतात. राजकीय पक्षांचा धडा चिन्हे सांगून संपवतात.

आणि हे शिक्षक कोण? मतदान केंद्राध्यक्ष म्हणून ज्यांनी आपल्या हाताने निवडणुका घेतल्या, ते. आदल्या दिवशी यंत्र, शाई, पाकिटे, लाख यांचा डोलारा सांभाळत ते केंद्रावर जातात. पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घेतात, मोजतात, यंत्र पुसून कोरे करतात, मोहोर लावतात. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, हे पुस्तकात न बघता सांगतात. संध्याकाळी झालेल्या मतांच्या नोंदीचा सतरा-सी नमुना भरून प्रत्येक प्रतिनिधीच्या हातात नक्कल देतात. वर्षभर मतदारयादी घेऊन दारोदार फिरतात. मेलेल्याचे नाव का राहते, नवी सून यादीत का येत नाही, भटक्या कुटुंबाला पत्त्याचा पुरावा का मागितला जातो, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. एवढे सगळे गाठीशी घेऊन ते वर्गात येतात आणि ‘निवडणूक प्रक्रिया’ हा धडा पुस्तकातून वाचून दाखवतात. आम्ही त्यांना निवडणुकीला वेठीला धरले, अनुभव सांगायला मात्र एक तास दिला नाही. एका खोक्याला फट पाडून वर्गातच मतदान घ्या, प्रतिनिधी नेमा, हरकत घ्यायला लावा. कुठला निधी लागतो त्याला?

मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे तिथे प्रशासकांनी कारभार केला. तेव्हा सहावीत असलेल्या मुलाने स्थानिक शासनसंस्थांचा धडा वाचला होता. ते दहावीच्या उंबरठ्यावर आले तरी त्याच्या प्रभागाला नगरसेवक नव्हता. वर्गात कोणीच उठून विचारले नाही, कारण आधी घरातच कोणी विचारले नव्हते. गल्लीत कचरा साठला की आपण नगरसेवकाला शिव्या देतो. नगरसेवकच नाही, हे कित्येकांच्या ध्यानीमनीही नव्हते.

आता या अडाणीपणाची किंमत कोण मोजतो ते पाहायचे असेल तर पुण्याच्या सदाशिव पेठेत जा. खेड्यापाड्यांतली मुले-मुली स्पर्धा परीक्षांसाठी तिथे खोल्या भाड्याने घेऊन राहतात. अभ्यासिकेतल्या त्यांच्या टेबलावर काय असते? पाचवीपासूनची भूगोलाची आणि नागरिकशास्त्राची शालेय पुस्तके, चौथ्यांदा रेघा मारलेली. पंधराव्या वर्षी ‘ऑप्शनला टाक’ म्हणून सांगितलेला विषय पंचविसाव्या वर्षी बापाच्या सोयाबीनच्या पैशातून, क्लासची फी भरून शिकला जातो. तोही पुन्हा पाठांतरानेच, कारण तिथेही कोणी त्यांना ओढ्यावर नेत नाही. यातून जे थोडे निवडले जातात, ते तहसीलदार होतात, मुख्याधिकारी होतात, आणि नकाशे त्यांच्या कपाटात येतात.

पालकसभेत आपण काय विचारतो? किती टक्के, कोणती बॅच, क्लासचे रेकॉर्डिंग मिळेल का. पुढच्या सभेत एवढेच विचारून पाहा: माझ्या मुलाला या वर्षी वर्गाबाहेर कुठे नेणार? मुलींना नेणार की पालकांची संमती नाही म्हणून त्या शाळेतच बसणार? २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला नववी-दहावीचा वर्ग मागच्या ओळीत बसवणार का? गावाचा नकाशा काढायला देणार का, आणि तो शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावणार का? मुख्याध्यापक क्षणभर संस्थेच्या अध्यक्षांकडे बघतील. अध्यक्ष काही बोलण्याआधी शेजारच्या खुर्चीवरचा पालक तुमची बाही ओढून म्हणेल, ‘अहो, जाऊ द्या ना, आधी गणिताचे बघा.’ त्याला उत्तर द्यायची तयारी करून जा.