विज्ञानाचा तास भुईमुगाच्या रानात घ्या

वनस्पतींच्या हालचाली शिकवायच्या म्हटलं की आम्ही शिक्षक लाजाळूची कुंडी शोधत फिरतो. बोट लावलं, देठाच्या फुगीर बुडातल्या पेशींतलं पाणी सरलं, पानं मिटली, धडा संपला. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं शेतकऱ्यांची. खरिपात शाळेच्या कुंपणापलीकडे भुईमूग फुललेला असतो. तो शिकवायला घ्या, असं मी बैठकीत दरवर्षी सांगते.

भुईमुगाचं पिवळं फूल फळलं की त्याच्या बुडातून आऱ्या सुटतात. फांद्या उजेडाकडे जातात, आऱ्या मात्र मातीकडे वळतात. त्यांच्या टोकाजवळच्या पेशींतले पिष्टमय कण वजनाने तळाशी बसतात, त्यावरून खालची दिशा कळते. मग ऑक्झिन हे संप्रेरक दोन बाजूंना कमीजास्त होतं आणि आऱ्या वाकतात. शेंग पोसते ती मातीच्या अंधारात शिरल्यावरच. कुंडी आडवी करून ठेवली, तर कोवळ्या आऱ्यांची टोकं पुन्हा खाली वळतात.

शेतकरी हे जाणतो. आऱ्या सुटल्या की तो कोळपणी थांबवतो, वरच्या आऱ्या मातीला टेकाव्यात म्हणून पिकावरून रिकामा ड्रम फिरवतो. मुलांनी तो ड्रम स्वतः ढकललेला असतो. तरी उत्तरपत्रिकेत गुरुत्वानुवर्ती हालचालीला उदाहरण म्हणून ती फक्त मूळ लिहितात, कारण आम्ही तेवढंच लिहून दिलेलं असतं. याचं मला फार वाईट वाटतं.

याच रानात दुसरा धडाही आहे. संध्याकाळी भुईमुगाच्या चार पर्णिका जोडीजोडीने मिटतात. अंधार पडला म्हणून? 1729 मध्ये फ्रान्समध्ये द मेराँ यांनी अशीच पानं मिटणारं एक झाड सतत काळोखात ठेवून पाहिलं. तरी पानं दिवसा उघडत होती, रात्री मिटत होती. झाडाच्या आत स्वतःचं घड्याळ असतं, याचा हा पहिला पुरावा. भुईमुगाचं रोप अंधाऱ्या कपाटात ठेवून आठवीतलं मूलही हे तपासू शकेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. श्रावणात विज्ञानाचे दोन तास शिवारात घ्यावेत, तिथे शिकवायला मुलांच्या आईवडिलांना बोलवावं आणि मुलांनी केलेल्या नोंदींना प्रात्यक्षिकाचे गुण द्यावेत. गुण मिळाले तरच घरचं पीक हाही अभ्यास आहे, हे मुलांना पटेल.