पदपथ आणि अंदाजपत्रक

पायी चालणे हे वारकऱ्यांच्या मराठीत आणि शरणांच्या कन्नडात कधीही दैन्याचे लक्षण मानले गेले नाही. आधुनिक नगराच्या अंदाजपत्रकात मात्र चालणारा माणूस सर्वांत शेवटी येतो आणि काटकसरीची वेळ आली की सर्वप्रथम वगळला जातो. अशा कपातीस न्यायालयात आव्हान देता यावे काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ विधिज्ञांचा नव्हे.

बंगळूरचे जे. पी. नगर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जयप्रकाश नारायण यांचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीत २००४ साली अरुंधती नाग यांच्या प्रयत्नांतून ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह उभे राहिले. अनेक भारतीय भाषांतील नाटके तेथे होतात. २०१७ पासून मेट्रोही या भागात धावते. तथापि स्थानकापासून रंगमंदिरापर्यंतचे अंतर पायीच तोडावयाचे असेल, तर ती वाट सुरक्षित ठेवणे हेही सार्वजनिक कर्तव्यच ठरते.

या कर्तव्याला न्यायालयीन आधार आहे. न्या. अभय ओक यांनी २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सुस्थितीतील रस्त्यांचा संबंध जगण्याच्या हक्काशी जोडला. २०१९ मध्ये कर्नाटकाचे मुख्य न्यायमूर्ती या नात्याने तेच तत्त्व त्यांनी बंगळूरच्या रस्त्यांना व पदपथांना लावले. पुढे १४ मे २०२५ रोजी न्या. ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या सर्वोच्च न्यायालयातील पीठाने, अडथळाविरहित व अपंगांना वापरता येतील असे पदपथ हा अनुच्छेद २१ खालील हक्क असल्याचे स्पष्ट केले.

यावर आक्षेप असा की, पैसा कोठे खर्चावा हे लोकनियुक्त सभागृहाने ठरवावे. आक्षेप वजनदार आहे. परंतु १९८० मध्येच रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी, निधीचा अभाव ही वैधानिक कर्तव्य टाळण्याची सबब होऊ शकत नाही, असा निर्वाळा दिला होता. इंग्लंडमध्येही मार्च २०२३ मध्ये चालणे व सायकल यांसाठीच्या निधीत सरकारने कपात केली, तेव्हा ‘ट्रान्सपोर्ट ॲक्शन नेटवर्क’ या संस्थेने तो निर्णय न्यायालयात नेला. न्यायालयाने आकडे ठरवू नयेत हे मान्य; पण कपातीची कारणे विचारू नयेत, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

ही कारणे विचारणे अगत्याचे आहे, कारण निधीविना दिलेला हक्क दुर्बलांवरच उलटतो. पदपथ बांधण्यास पैसा लागतो. फेरीवाल्याला हुसकावण्यास त्या मानाने फारच थोडा. तिजोरी रिकामी असलेली पालिका न्यायालयाचा मान राखण्यासाठी कोणता मार्ग पत्करील, हे सांगावयास नको. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी उपजीविका हा जगण्याचा भाग मानला, तरीही पदपथावरील झोपड्या हटविण्यास मुभा राहिलीच. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा २०१४ चा कायदा झाला खरा. परंतु त्यांच्यासाठी जागा राखून पदपथ रुंद करावयाचा, तर पुन्हा पैसाच हवा.

सप्टेंबर २०२५ पासून बंगळुरात एका महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या आहेत. जबाबदारी विभागली गेली की ती हरवण्याचा संभव वाढतो. प्रत्येकीने पदपथांचा खर्च स्वतंत्र शीर्षाखाली छापावा आणि तो घटविल्यास सकारण निवेदन करावे, एवढी मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. नागरिकाला न्यायालयात दाखविता येईल असा पुरावा तेथूनच मिळू शकेल.