विजेची मोटार आणि परभणीचा लांबचा प्रवास

महाग पेट्रोल हा परभणीकरांच्या अंगवळणी पडलेला विषय आहे. 2018 आणि 2021 साली दर भडकले तेव्हा राज्यातील सर्वांत महाग पेट्रोलाचे शहर म्हणून परभणीचे नाव वृत्तपत्रांत गाजले. मनमाडच्या डेपोतून टँकरने येणाऱ्या इंधनाचे वाहतूक-भाडे अखेर ग्राहकाच्याच माथी बसते. अशा जिल्ह्यातील मध्यमवर्गाचे लक्ष विजेच्या मोटारीकडे वळावे, हे स्वाभाविकच होय. परंतु न्यायालयीन कामासाठी, औषधोपचारासाठी किंवा मुलांच्या शिक्षणापायी ज्यांना वरचेवर छत्रपती संभाजीनगर वा पुणे गाठावे लागते, त्यांनी जाहिरातीपेक्षा गणितावर भरवसा ठेवलेला बरा.

सुमारे 45 युनिट साठवणारी बॅटरी प्रमाणित चाचणीत साडेचारशे किलोमीटरहून अधिक धाव दाखविते. रस्त्यावर तीनशेच धरून चालावे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी 80 ऐवजी 120 च्या वेगाने तो सव्वादोनपट होतो; शिवाय वैशाखात पारा 42 अंशांवर असताना वातानुकूलनाशिवाय गत्यंतर नसते. संभाजीनगर सुमारे दोनशे किलोमीटर. म्हणजे जाणे निभेल. त्याच दिवशी परतायचे झाल्यास मात्र तिकडे बॅटरी भरावीच लागेल. जलद केंद्रावर 80 टक्क्यांपर्यंतचा भरणा तासाभरात होतो, पुढचा रेंगाळतो. आणि ते केंद्र बंद असले, किंवा आधीच दोन गाड्या रांगेत असल्या, तर?

खर्चाचे गणितही येथेच फिरते. घरच्या विजेवर गाडी स्वस्तात धावते, यात शंका नाही. पण लांबच्या प्रवाशाला सार्वजनिक केंद्रावरची वीज घ्यावी लागते आणि ती बरीच महाग असते. घरच्या 15 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर रिकामी बॅटरी भरण्यास पंधरा तास लागतात. वेगळा चार्जर बसवायचा तर मंजूर वीजभार वाढवून घेणे आले.

राज्याच्या 2025 च्या धोरणाने समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना पथकरमाफी दिली, महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंग केंद्राचे उद्दिष्टही ठेवले. मात्र परभणीकराला समृद्धी भेटते ती जालन्याला. तोवरचा जिंतूर-मंठ्याचा पट्टाच खरा कसोटीचा आहे.

मुक्कामाच्या गावी रात्री गाडी भरण्याची खात्रीची सोय असेल, तर ही मोटार आजही घेण्याजोगी आहे. सकाळी निघून रात्री परतणाऱ्याने, किंवा घरातील आजाऱ्याला घेऊन अवेळी पुण्याकडे धावावे लागणाऱ्याने, जिंतूर आणि मंठ्याला भरवशाची केंद्रे होईपर्यंत ती एकुलती एक गाडी म्हणून घेऊ नये.