ट्यूबवरची बारीक अक्षरे

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी एक वाद ठरलेला असतो. पहिली आंघोळ कोणाची, हा तो वाद. गेल्या वर्षी मात्र तो झालाच नाही. एरवी सगळ्यांच्या आधी पाटावर जाऊन बसणारी आमची धाकटी कन्या अंथरुणातून उठेना. हिने तेल कोमट केले, वाटीत उटणे कालवले, दोनदा हाका मारल्या. शेवटी पांघरुणातून आवाज आला, "मला उटणं नको. तोंडाला तर कुणी हातच लावू नका."

कारण साधेच होते. मुलीचे वय सतरा आणि तोंडभर मुरूम!

आमचे राजूर वणी तालुक्यातले. कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या ही त्याची ओळख. त्यामुळे काळी धूळ आणि पांढरी धूळ ह्या दोन्ही आमच्या परिचयाच्या. ट्रकांनी रस्ता उखडला की त्यावर मुरूम टाकतात, आणि पोरीच्या गालावर येतो त्यालाही आम्ही मुरूमच म्हणतो. रस्त्यावर मुरूम पडत नाही म्हणून गावाची तक्रार, आणि गालावरचा जात नाही म्हणून घरची तक्रार!

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हे सगळं कोळशाच्या धुळीनं होऊन राहिलं. दिवसातून सहा वेळा साबणानं तोंड घासायला लावा." आजीने उष्णतेवर ठपका ठेवला आणि तळलेले बंद केले. मावशीने फोनवरून टूथपेस्ट लावायला सांगितली. एक दूरचे काका तर हसून म्हणाले, "लग्न झालं की जातात आपोआप." हे ऐकून पोर उठून आत गेली, ती जेवायलाच बाहेर आली.

कॉलेजला जाताना ती तोंडाला दुपट्टा गुंडाळी. धुळीच्या गावात त्याचे कोणाला काही वाटत नाही. पण पुढे पुढे घरी पाहुणे आले तरी दुपट्टा सुटेना. भाऊबीजेचा फोटो काढताना ती भावाच्या पाठीमागे अशी उभी राहिली की फोटोत तिची वेणी तेवढी दिसते. तो फोटो पाहून मला प्रथम कळले की हे दुखणे चेहऱ्यापुरते उरलेले नाही.

तेव्हा मी तिला चंद्रपूरला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी चेहरा पाहिला, चार प्रश्न विचारले आणि एक लहानशी ट्यूब लिहून दिली: अ‍ॅडापलीन जेल, 0.1 टक्का. "रात्री तोंड धुऊन कोरडं करायचं आणि वाटाण्याएवढं औषध सगळ्या चेहऱ्यावर पातळ लावायचं. पहिले काही दिवस एक रात्र आड. तोंड कोरडं पडेल, साल निघेल, कदाचित पहिल्या महिन्यात जास्तच वाईट दिसेल. घाबरायचं नाही. बारा आठवड्यांनी मला दाखवा."

बारा आठवडे! आमच्या घरात बारा दिवस धीर धरणारेही कोणी नाही. पोरीने मात्र धरला. तिसऱ्या आठवड्यात नाकाच्या बाजूची कातडी सोलू लागली, हनुवटी लाल झाली आणि नवे फोड आले. बाईंनी सांगितले होते अगदी तसेच सारे घडत होते. पण पुढच्याच आठवड्यात माझ्या पुतण्याचे लग्न होते. ही म्हणाली, "अहो, हे औषध आहे की शिक्षा? मंडपात पोरगी तोंड कसं दाखवणार?"

आणि मग मी शहाणपणा केला. एका औषधाच्या दुकानात गेलो आणि "मुरुमावर लवकर गुण येईल असं काही द्या" म्हणालो. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता एक गुलाबी खोके पुढे सरकवले. "हे न्या काका. सगळे हेच नेतात. चार दिवसांत फरक."

फरक खरोखर चार दिवसांत पडला. लाली गेली, फोड बसले आणि रंगही उजळला. लग्नात तीन बायकांनी हिला विचारले, "पोरीला काय लावता हो?" मी एखाद्या धन्वंतरीच्या ऐटीत मांडवात फिरत होतो. चंद्रपूरची ट्यूब कपाटाच्या खणात पडली आणि गुलाबी खोके दर महिन्याला येऊ लागले.

होळीनंतर ऊन तापू लागले, तशी पोर कुरकुरू लागली. गॅसपाशी उभी राहिली की गाल भाजल्यासारखे होत. उन्हातून आली की चेहरा तांबडालाल. गालांवर बारीक लाल रेषांचे जाळे दिसू लागले. कानशिलापाशी लव वाढली. मुरूम पुन्हा डोकावले, आणि ह्या वेळी सगळे एका मापाचे, मोहरी पेरल्यासारखे. दोन दिवस ट्यूब बंद ठेवली तर चेहरा असा पेटला की पोरीने रडत रडत ती पुन्हा लावली. लावली की थंड, सोडली की आग! व्यसन म्हणतात ते दुसरे काय असते?

मे महिन्याच्या उन्हात पुन्हा चंद्रपूर गाठले. बाईंनी गुलाबी ट्यूब हातात घेतली, उलटी केली आणि माझ्यापुढे धरली.

"हे वाचलं होतं का?"

मी कोळसा खाणीच्या कचेरीतला कारकून. ठेकेदारांच्या करारांतली बारीक अक्षरे वाचण्यात माझे केस पांढरे झाले. पण माझ्या मुलीच्या तोंडाला लावायच्या ट्यूबवरची तीन नावे मी वाचली नव्हती. ती होती हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटॅसोन. पहिले रंग फिका करणारे. दुसरे अ‍ॅडापलीनचे थोरले भावंड. आणि तिसरे स्टेरॉइड.

बाई रागावल्या नाहीत, ह्याचेच मला अधिक वाईट वाटले. त्या म्हणाल्या, "औषध वाईट नाही. वांगावर आम्ही देतो, पण मोजके आठवडे आणि नजरेखाली. मुरुमावर स्टेरॉइड लावलं की सूज दबते, म्हणून चार दिवसांत गुण दिसतो. खाली कातडी पातळ होत जाते आणि तेच स्टेरॉइड पुन्हा मुरूम उठवतं." ती ट्यूब कशी सोडायची ते त्यांनी ठरवून दिले, आणि चेहरा शांत होईपर्यंत दुसरे काही लावायचे नाही असे बजावले.

आमचे काही जगावेगळे झाले होते असे नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातल्या 12 केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले 2926 रुग्ण तपासले, तेव्हा 433 जण तोंडाला स्टेरॉइडचे मलम लावत असल्याचे आढळले. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे, आणि माझ्यासारखे घाईचे बाप काउंटरपुढे आहेत.

मग मी ह्या विषयाच्या मागेच लागलो. कळले ते असे. आपल्या कातडीतल्या प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलाची एक ग्रंथी असते. वयात येताना शरीरातल्या संप्रेरकांमुळे ती जास्त तेल सोडू लागते. त्याच वेळी त्या बारीक छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी सुटून न जाता एकमेकींना चिकटून बूच बसते. आत तेल साचते, कातडीवर नेहमीच राहणारे जंतू तिथे फोफावतात आणि सूज येते. म्हणजे मुरूम आतून येतो. बाहेरची धूळ त्याची जननी नव्हे. कोळशाची धूळ सौम्य साबणाने दोनदा धुतली की पुरे. सहा वेळा घासले, किंवा उटण्याने रगडले, तर सुजलेली कातडी आणखी चिडते. काकूंना आणि परंपरेला क्षमा मागून हे लिहितो आहे.

अ‍ॅडापलीन, ट्रेटिनॉइन ही 'अ' जीवनसत्त्वाच्या गोतावळ्यातली औषधे. त्यांना रेटिनॉइड म्हणतात. ती पेशींच्या गाभ्यापर्यंत जाऊन त्यांचे वागणे सुधारतात, म्हणजे बूच बसूच देत नाहीत. आज डोळ्यांना दिसणारा फोड बसवणे हे त्यांचे मुख्य काम नव्हे. पुढच्या महिन्यात येऊ घातलेल्या फोडाची वाट ती आजच बंद करतात. म्हणून औषध फोडावर ठिपका देऊन लावायचे नसते, सबंध चेहऱ्यावर लावायचे असते. आणि म्हणूनच बारा आठवडे लागतात. शेतात पेरलेले चौथ्या दिवशी उकरून पाहणाऱ्याला पीक मिळत नाही, त्यातलाच हा प्रकार.

ह्या औषधांची हकिगतही मोठी चमत्कारिक आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाचे डॉक्टर अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये ट्रेटिनॉइनचा मुरुमांवरचा गुण प्रसिद्ध केला. 1975 मध्ये त्याच क्लिगमनांनी एका सहकाऱ्यासह रंग फिका करणारे तिहेरी मिश्रणही मांडले: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड. म्हणजे माझ्या कपाटातल्या दोन्ही ट्यूबांची मुळे एकाच माणसापाशी पोचतात! होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर केलेल्या प्रयोगांमुळे त्यांच्या नावाला पुढे बट्टाही लागला. गुण आणि दोष एकाच खोक्यात भरलेले असू शकतात, हे औषधांइतकेच माणसांनाही लागू आहे.

अ‍ॅडापलीन मागाहून आले. कातडीला ते ट्रेटिनॉइनपेक्षा सौम्य. अमेरिकेत 1996 पासून ते चिठ्ठीवर मिळू लागले, आणि जुलै 2016 मध्ये तिथल्या सरकारी औषध खात्याने 0.1 टक्क्याचे जेल बारा वर्षांवरील कोणालाही चिठ्ठीशिवाय घेण्याची मुभा दिली. पण तत्पूर्वी एक गोष्ट तपासून पाहिली: सामान्य माणसाला खोक्यावरचा मजकूर वाचून नीट समजतो का? मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटली. तिकडे गिऱ्हाईक वाचू शकते अशी खात्री करून डॉक्टरला मधून काढले. आपल्याकडे खोक्यावर चिठ्ठीची खूण छापलेली असते, तरी डॉक्टर मधून निघून जातो. आणि वाचणाराही कोणी नसतो.

तेव्हा वाचकहो, ठेच मला लागली आहे, शहाणपण तुम्ही घ्या. मुलांसाठी मुरुमाची ट्यूब आणली तर आधी ती उलटी करून औषधाचे नाव वाचा. मोठ्या अक्षरांतले नाव कंपनीचे असते, बारीक अक्षरांतले औषधाचे. नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सोल' दिसले, म्हणजे बेटामेथॅसोन, मोमेटॅसोन, क्लोबेटॅसोल असे काही, तर ते स्टेरॉइड असण्याचा दाट संभव. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडाला लावू नका. आणि महिनोन्‌महिने लावत आला असाल तर घाबरून एकदम टाकूही नका; आधी डॉक्टर गाठा. रेटिनॉइड असेल तर रात्री, थोडे, आणि धीराने. डोळे, ओठ आणि नाकपुड्यांचे कोपरे टाळावेत. वर साधे मॉइश्चरायझर लावावे. दिवसा उन्हापासून जपावे. विदर्भाच्या उन्हात हे वेगळे सांगायला नको. लिंबू, टूथपेस्ट, खरखरीत स्क्रब ह्यांना रजा द्यावी. गरोदर बाईने, किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर, ही औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत. फोड मोठे, खोल आणि दुखरे असतील, खड्डे पडू लागले असतील, तर एकट्या ट्यूबच्या भरवशावर राहू नये. वेळ गेली की खड्डे मागे राहतात.

आमच्या पोरीच्या गालावर तसे दोन-तीन राहिले आहेत. मधले वाया गेलेले महिने हे त्यांचे एक कारण असावे, असे माझे मन मला सांगते. पोर तसे कधी म्हणाली नाही.

चेहरा निवायला पावसाळा लागला. श्रावणात पहिली ट्यूब, नवी आणून, पुन्हा सुरू केली. ह्या वेळी कॅलेंडरवर आठवडे मी स्वतः खुणा करून मोजले. तिसऱ्या आठवड्यात साल निघू लागली तेव्हा ही माझ्याकडे पाहत होती आणि मी कॅलेंडरकडे. आठव्या आठवड्यात नवे फोड कमी झाले. दसऱ्याला सोने वाटायला ती बाहेर पडली तेव्हा दुपट्टा गळ्यात होता, तोंडावर नव्हता. मी काही बोललो नाही. अशा वेळी बापाने बोलू नये, एवढे मला ह्या वर्षाने शिकवले.

परवा उटण्याची पुडी आणली. पोरीने ती हातातून घेतली, उलटी केली आणि मागची बारीक अक्षरे वाचू लागली. मग म्हणाली, "बाबा, हातापायांना चालेल. तोंडाला नको."

पहिली आंघोळ कोणाची, ह्यावर यंदा आमच्याकडे वाद होणार अशी चिन्हे आहेत. दिवाळी म्हणतात ती हीच.