कॅनाबटर आणि एक्सेलशीट

मंडळी, आधीच सांगून टाकतो, इथे रेसिपी मिळणार नाही. ती शोधायला दोन मिनिटं लागतात आणि ती अवघडही नाही. अवघड आहे ते तिच्यापुढचं, म्हणजे झालेलं बटर किती 'कडक' आहे हे ओळखणं. आज त्यावरच बोलायचंय, कारण सिॲटलमधल्या आमच्या देसी ग्रुपात सध्या जो तो या विषयातला तज्ज्ञ झालाय. वॉशिंग्टन राज्यात 2012 सालच्या मतदानानं 21 वर्षांवरच्यांना गांजा कायदेशीर झाला. दुकानातून कळ्या आणायच्या, घरी बटर करायचं, ब्राउनी भाजायच्या आणि पॉटलकला न्यायच्या. सोबत तोंडी हमी: "अरे, माइल्ड आहे रे!"

हे 'माइल्ड' कुठून येतं? तर एक्सेलशीटमधून. आम्ही इंजिनियर लोक, आकडेमोड केल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. समजा 7 ग्रॅम कळ्या आणल्या आणि पाकिटावर 20 टक्के लिहिलंय. म्हणजे 1400 मिलिग्रॅम. पण कच्च्या कळीत असतं ते बहुतांशी टीएचसीए, आणि त्यानं नशा चढत नाही. उष्णता दिली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो तो टीएचसी. रेणूचं वजन घटतं, म्हणून 0.877 नं गुणायचं. झाले साधारण 1228 मिलिग्रॅम. 24 ब्राउनी केल्या तर प्रत्येकीत 51. दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर आलं की काय समाधान वाटतं म्हणून सांगू!

आता या शीटमधल्या एकेका सेलकडे जरा संशयानं बघा. पाकिटावरचा आकडा टीएचसीएचा होता की 'टोटल टीएचसी'चा? टोटल असेल तर 0.877 त्यात आधीच धरलेलं असतं आणि तुम्ही ते दुसऱ्यांदा लावलंत. तुमच्या ओव्हनमध्ये सगळा टीएचसीए बदलला का, की जास्त तापून काही टीएचसी वायाही गेला? बटरमध्ये किती उतरला आणि गाळल्यावर चोथ्यात किती राहिला? निम्माच उतरला असेल तर ब्राउनीमागे 26 मिलिग्रॅम, 80 टक्के उतरला असेल तर 41. वॉशिंग्टनच्या दुकानात एका सर्व्हिंगला कायद्यानं कमाल मर्यादा आहे 10 मिलिग्रॅमची. अमेरिकेतल्या संशोधकांसाठी 2021 मध्ये ठरलेलं प्रमाण एकक तर 5 मिलिग्रॅमचं आहे. म्हणजे आमचा 'माइल्ड' तुकडा अगदी कंजूष हिशोबानंही त्याच्या पाचपट भरतो.

आणि हे झालं सरासरीचं. पीठ नीट कालवलं नसेल तर एका कोपऱ्यात 10 आणि दुसऱ्यात 80 सुद्धा असू शकतात. चवीवरून कळत नाही, हिरव्या रंगावरून तर मुळीच नाही. कोणी म्हणेल, घरी जमत नसेल, कारखान्यांना जमतं. त्यांनाही फारसं जमत नव्हतं. सिॲटल, सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसमधून घेतलेल्या 75 पदार्थांची तपासणी 2015 मध्ये 'जामा'त छापून आली होती. लेबलवरचा आकडा बरोबर निघाला फक्त 17 टक्के पदार्थांचा. 60 टक्क्यांत लिहिल्यापेक्षा कमी माल होता आणि 23 टक्क्यांत जास्त. घाबरायचं ते या 23 ला.

पण मोजमापाहून मोठी गोची आहे लेटन्सीची. धूर ओढला की काही मिनिटांत कळतं, बास आता. खाल्लेलं मात्र पोटातून लिव्हरमार्गे जातं, तिथे टीएचसीचं 11-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, तेही चांगलंच नशिलं. परिणाम दिसायला अर्धा तास ते दोन तास लागतात, आणि तो टिकतो कित्येक तास. सर्व्हरकडून रिस्पॉन्स आला नाही की माणूस काय करतो? पुन्हा बटण दाबतो. दोन्ही रिक्वेस्ट नंतर एकदमच पोचतात.

न्यूयॉर्क टाइम्सच्या स्तंभलेखिका मॉरीन डाउड यांनी 2014 मध्ये डेन्व्हरच्या हॉटेलात हेच केलं. आधी थोडी कँडी कुरतडली, काही होईना म्हणून आणखी खाल्ली आणि पुढचे आठ तास भ्रमात काढले. नवख्यानं त्या बारचे सोळा तुकडे करायचे असतात हे त्यांना मागाहून समजलं. त्यांच्यावर जग हसलं. पण त्याच वर्षी मार्चमध्ये, कोलोरॅडोतच, 19 वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं 10-10 मिलिग्रॅमच्या सहा भागांच्या कुकीचा सांगितल्याप्रमाणे एकच तुकडा खाल्ला. अर्धा-एक तास काहीच झालं नाही. त्यानं उरलेली सगळी संपवली. अडीच तासांनी तो चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून खाली गेला. ही नोंद अमेरिकी सरकारच्या सीडीसीच्या अहवालात आहे. आणि त्या कुकीवर निदान लेबल तरी होतं!

"आपल्याकडे भांग शतकानुशतकं पितात, कुणी मिलिग्रॅम मोजले?" हा युक्तिवाद हमखास येतो. भांग पाल्याची असते. 20 टक्क्यांच्या कळीचं बटर हा वेगळाच प्राणी आहे. भारतातल्या 1985 च्या एनडीपीएस कायद्यानंही हा फरक केलाय: शेंड्यांशिवायची पानं आणि बिया 'गांजा'च्या व्याख्येत नाहीत, शेंडे आहेत. तेव्हा पुण्या-मुंबईच्या दोस्तांनो, तुमच्यासाठी हा मोजमापाचा प्रश्नच नाही, सरळ गुन्हा आहे. वर 2020 च्या हिरा सिंग निकालानंतर मिश्रणातल्या 'निरुपद्रवी' घटकाचंही वजन धरलं जातं. आणि इथल्या एच-वनवाल्यांनो, राज्यात चालत असलं तरी केंद्राच्या कायद्यात अजून ते बेकायदेशीरच आहे. सिटिझनशिपच्या अर्जात ते आड येऊ शकतं, हे इमिग्रेशन खात्यानं 2019 मध्ये लेखी सांगितलंय.

माझं मत विचाराल तर मोठ्या माणसानं स्वतःच्या घरी, स्वतःच्या जबाबदारीवर काय खावं, यात मला नाक खुपसायचं नाही. खायचंच असेल तर दुकानातलं, तपासलेलं, 5 मिलिग्रॅमच्या आतलं घ्या आणि त्या रात्री दुसरा तुकडा नाही म्हणजे नाही. घरच्या बटरचं मात्र दुसऱ्याच्या पानात वाढणं मला साफ नामंजूर आहे. ज्याचा आकडा तुम्हालाच ठाऊक नाही त्याची हमी तुम्ही कुठल्या तोंडानं देता? पॉटलकला तर पोरंही असतात. सहा वर्षांखालच्या मुलांनी असे पदार्थ खाल्ल्याच्या नोंदी अमेरिकेच्या पॉयझन सेंटर्सकडे 2017 मध्ये 207 होत्या, 2021 मध्ये 3054. त्या पोरांना ती ब्राउनी म्हणजे ब्राउनीच दिसते.

पुढच्या पॉटलकला मी मसालेभात आणतोय. बटरवाले येणार असतील तर डबा कुलपात, वर मोठ्या अक्षरात चिठ्ठी, आणि पोरांच्या टेबलापासून लांब. हे मेलवर कळवलंय. दोघं रुसलेत. असो.