छायाचित्राची किंमत पक्ष्याने का मोजावी?

दाजीपूरचे जंगल हे एकेकाळी करवीर संस्थानचे राखीव शिकारक्षेत्र होते. १९५८ साली ते गव्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाले आणि १९८५ मध्ये राधानगरीचा परिसर त्यास जोडून त्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर करण्यात आले. बंदूक गेली, कॅमेरा आला. हा बदल स्वागतार्हच होय. धनेश, तांबट, स्वर्गीय नर्तक ही नावे शाळकरी मुलांच्या तोंडी येऊ लागली, यात हौशी छायाचित्रकारांचा वाटा नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

तथापि शिकार संपली असे समजण्याचे कारण नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे. नेमके हेच आज ‘छंद’ या गोंडस नावाखाली घडताना दिसते. धनेशाची मादी विणीच्या काळात झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि ढोलीचे तोंड लिंपून केवळ एक फट ठेवते. त्या फटीतून नर तिला, व पुढे पिलांनाही, कित्येक आठवडे भरवतो. झाडाखाली कॅमेऱ्यांची रांग लागली की तो चोचीत फळ धरून दूरच्या फांदीवर बसून राहतो. आत मादी उपाशी! स्वर्गीय नर्तकाच्या इवल्या वाटीसारख्या घरट्यापुढची पाने ‘प्रकाश अडतो’ म्हणून छाटली जातात. मग पिलांच्या वाट्याला ऊन येते आणि पाठोपाठ कावळा येतो.

हे सारे दुष्टपणाने होते असे नाही. छत्तीस चित्रांचा रोल आणि त्याच्या धुलाईचा खर्च होता, तेव्हा छायाचित्रकाराचे बोट आपोआप आवरले जाई. आता एकदा कॅमेरा घेतला की पुढचे प्रत्येक चित्र जवळजवळ फुकट पडते, आणि फुकट वस्तूची मागणी कोठे थांबते? पण खर्च नाहीसा झालेला नसतो. तो पक्ष्याच्या खाती टाकला जातो, एवढेच. एकट्याच्या अर्ध्या तासाने कदाचित काही बिघडणार नाही. परंतु घरट्याचा ठावठिकाणा त्याच संध्याकाळी मोबाईलवरून पसरतो, आणि रविवारी येणारा प्रत्येकजण आपण एकटेच आहोत असे मानून तेथे उभा राहतो.

यावर पर्यटनातून मिळणाऱ्या रोजगाराचा दाखला दिला जातो, आणि तो खोटा नाही. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी दाखविणाऱ्या नावाड्यांचे संसार त्यावर चालतात. परंतु ‘आणखी जवळ घे’ असा हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकाला नकार देणे हे रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाही. तो नकार देण्याची जबाबदारी त्याच्यावर ढकलणे हा शुद्ध अन्याय आहे.

अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवान्याची तरतूद कायद्यात आहे. २०२२ च्या दुरुस्तीने, अधिवासात कोणताही बदल वा त्यावर विपरीत परिणाम न करता ते व्हावे, हेही त्यात स्पष्ट झाले. पण प्रत्येक झाडाखाली वनरक्षक कोठून आणावयाचा? तेव्हा बंधन मागणीवरच घातले पाहिजे. घरट्याच्या चित्राला बक्षीस, प्रदर्शनातली भिंत आणि रविवारच्या पुरवणीतली जागा मिळते, म्हणून ते काढले जाते. काही स्पर्धांनी अशी चित्रे स्वीकारणे बंद केले आहे. कोल्हापुरातील छायाचित्र मंडळे, महाविद्यालये आणि वृत्तपत्रे यांनाही ते करता येईल. त्यास सरकारी अनुदान लागत नाही. प्रवेशपत्रिकेवर एक ओळ छापावी लागेल: घरटे, अंडी व घरट्यातील पिले यांची चित्रे परीक्षणासाठी घेतली जाणार नाहीत. पुढच्या विणीच्या हंगामापूर्वी ती ओळ छापली गेली, तर पुरे.