तपोवनाची सावली कोणी लावली?

थ्रेड. अमरावतीत प्लॉटची जाहिरात 'तपोवन परिसर' म्हणते आणि पुढे ठरलेली विशेषणे येतात : निसर्गरम्य, शांत, हिरवागार. जणू ही झाडी निसर्गाने आपणहून बहाल केली आहे. हे साफ खोटे आहे.

१९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धन यांनी येथे कुष्ठरुग्णांची वसाहत वसवली. वऱ्हाडची काळी, कपाशीची जमीन त्यांच्या वाट्याला आली नाही. मिळाले ते शहराबाहेरचे बरड. धडधाकट शेतकऱ्यानेही जिथे सरकी लावण्याआधी दोनदा विचार केला असता, तिथे बोटांची संवेदना गेलेल्या माणसांनी खड्डे खणले, पाणी घातले, रोपे जगवली. ज्याला चटका कळत नाही, काटा रुतलेला कळत नाही, त्याच्यासाठी कुदळीचा दांडाही जखमेचे कारण असतो. झाडांचे कौतुक करताना एवढे तरी ध्यानात असावे.

ही माणसे शहराबाहेर हौसेने गेली नव्हती. १८९८ च्या कायद्यान्वये, तो जेथे लागू होई तेथे, निराधार कुष्ठरुग्णाला वॉरंटाशिवाय पकडता येई. सार्वजनिक विहिरीवर अंघोळ, खाद्यपदार्थांची विक्री यांवर बंदी घालता येई. हा कायदा रद्द झाला २०१६ मध्ये! बहुविध औषधोपचार १९८० च्या दशकातच आले होते, ही बाब जाता जाता नोंदवतो.

कोणी म्हणेल, श्रेय दाजीसाहेबांना दिलेच आहे. होय, १९५९ ची पद्मश्री सर्वथा योग्य होती. परंतु भिक्षेऐवजी काम हा त्यांचाच आग्रह होता. शेती, विणकाम, सुतारकाम करणाऱ्या त्या हातांना वगळून केवळ संस्थापकाला हार घालणे म्हणजे त्यांच्याच विचाराला बगल देणे.

१९८३ मध्ये अमरावतीला विद्यापीठ मिळाले, त्याच वर्षी महानगरपालिकाही झाली, आणि ज्यांना दूर लोटले त्यांच्याच दाराशी शहर सावली शोधत आले. निजामशाही परकोटाचे दरवाजे आपण वारसा म्हणून दाखवतो; तपोवनाची झाडी त्या यादीत का नाही?

जाहिरातदारांनी एकच ओळ वाढवावी : ही झाडे कुष्ठरुग्णांनी लावली आहेत. भाव उतरेल म्हणून ती ओळ गाळली जात असेल, तर तसे उघड सांगावे.